गिऱ्हाईक नसलेली कामं

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर स्टेशनबाहेरच्या बाजारात सकाळी नऊला एक चक्कर मारावी. छोटा धंदेवाला आळशी असतो असं म्हणायला मग कुणाची जीभ धजावणार नाही. शटर वर गेलेलं असतं, पायरीवर पाणी मारून झालेलं असतं, टेम्पोतून माल उतरत असतो. रात्री दहाला शेवटचं गिऱ्हाईक गेलं की मगच गल्ला मोजला जातो. दिवसाचे बारा-तेरा तास उभ्याने काढणारा हाच माणूस काही कामं मात्र महिनोन्‌महिने पुढे ढकलत असतो. सहा महिन्यांपूर्वीच्या उधारीची आठवण द्यायची असते, दुकानाचा विमा काढायचा असतो, कच्चा माल महागल्यावर दर नव्याने बसवायचे असतात, पोटमाळ्यावर पडून असलेल्या मालाची मोजदाद करायची असते. ‘दिवाळी होऊ दे’, ‘मार्च संपू दे’, ‘पाऊस उघडू दे’ असं करत वर्ष निघून जातं. यावर सल्ले देणारी पुस्तकं पहाटे उठायला, मन घट्ट करायला सांगतात. पण पहाटे उठण्यात आणि मनाच्या घट्टपणात हा माणूस सल्ला देणाऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता नाही. ज्या कामासाठी समोर कुणी उभं आहे, ते काम छोटा धंदेवाला सहसा टाळत नाही. ज्या कामाला मागणाराच नाही, ते मागे पडतं. म्हणून त्यावरचा उपाय स्वभाव बदलण्यापेक्षा अशा कामांना मागणारा मिळवून देण्यात आहे, असं माझं म्हणणं आहे.

पुराव्यासाठी लांब जायला नको, जीएसटीच्या तारखाच पाहाव्यात. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि कर भरून ३बी रिटर्न २० तारखेपर्यंत. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. दिवसाच्या ५० रुपयांना कुणी फारसं भीत नाही. खरा तगादा असतो तो सीएच्या ऑफिसातल्या मुलाचा. सात-आठ तारखेपासून त्याचे फोन सुरू होतात: ‘शेठ, सेल्सची बिलं पाठवा, आज एन्ट्री करायचीय.’ आणि बिलं जातात. त्याच बिलांतून मालकाच्या कामाची आणखी एक गोष्ट कळू शकते, ती म्हणजे कोणत्या मालावर खरोखर किती सुटतात. भांड्यांच्या दुकानात काचेच्या बरण्या भराभर खपतात म्हणून त्याच जास्त भरल्या जातात. पण वाहतूक, फुटतूट, कार्डमशीनचं कमिशन आणि अडवलेल्या फळीचं भाडं धरल्यावर एका बरणीमागे हातात काय उरतं, हे काढायला अर्धा दिवस लागतो आणि तो अर्धा दिवस वर्षानुवर्षे मिळत नाही. माणूस तोच, दुकान तेच, बिलंही तीच. सरकारला हवा असलेला हिशेब वेळेवर होतो आणि स्वतःला हवा असलेला राहून जातो. हे स्वभावाच्या आळसाने घडत असतं, तर दोन्ही राहिले असते.

मराठी पाट्यांचं प्रकरणही असंच आहे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतली मराठी पाटी सक्तीची केली. महापालिकेने मुदत दिली, मग वाढवली, किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांचा अवधी दिला आणि तो संपल्यावर २८ नोव्हेंबरपासून पालिकेची पथकं बाजारांत फिरू लागली. पहिल्या काही दिवसांच्या तपासणीत बहुतेक दुकानांवर मराठी पाटी आढळली. तोवर पाटी लांबवण्यात तत्त्वाचा विरोध किती आणि ‘बघू, मुदत वाढेल’ किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. संघटनेला न्यायालयात जायचा हक्क होताच. पण एकेका दुकानदाराने रंगाऱ्याला बोलवायला जो वेळ लावला, तो सगळा तत्त्वापोटी लावला असं मानायला मी तयार नाही.

या विषयावरचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईच्या उंबरठ्यावरच मिळतो. बोरिवलीहून डहाणूची गाडी पकडली की वाटेत बोईसर लागतं आणि तिथून तारापूरची औद्योगिक वसाहत जवळ आहे. तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतलं उंबरगाव इथल्या सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांवर २००८ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. कारखान्यांची अवस्था ओळखीची होती: सूत कुठे किती पडलंय याची नोंद नाही, मशीन बिघडल्याशिवाय तिच्याकडे कुणी पाहत नाही, कापडात दोष कुठून येतो याचा रोजचा तपशील नाही. सल्लागार कंपनीची माणसं आधी सगळ्याच कारखान्यांत महिनाभर बसली आणि काय चुकतंय ते त्यांनी प्रत्येकाला दाखवून दिलं. पुढे काही कारखान्यांत ती आणखी चार महिने येत राहिली, बाकीच्यांत आली नाहीत. व्यवस्थापनाच्या ३८ साध्या पद्धती ठरवल्या होत्या. सुरुवातीला त्यांपैकी साधारण चतुर्थांशच पाळल्या जात होत्या. जिथे माणसं येत राहिली तिथे हे प्रमाण शंभरात ३८ने वाढलं. जिथे फक्त दोष दाखवून ती निघून गेली तिथे ते १२नेच वाढलं. पहिल्या गटाची उत्पादकता वर्षभरात १७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे काय करायचं हे दोन्ही गटांना कळलं होतं. फरक पडला तो दर आठवड्याला दारात येऊन ‘झालं का?’ विचारणाऱ्या माणसामुळे. पद्धती का स्वीकारल्या नाहीत याची कारणंही संशोधकांनी टिपली. काहींना त्या ठाऊक नव्हत्या, काहींना त्या फायद्याच्या वाटत नव्हत्या. त्यांच्या जोडीला एका वेगळ्या रकान्यात मालकाला वेळ नसणं, ते न जमणं आणि चालढकल यांची नोंद आहे.

हे कारखाने सरासरी २७० कामगारांचे होते, चार माणसांच्या दुकानाला त्यांचे नियम कसे लागू पडतील, अशी शंका इथे येईल. ती रास्त आहे. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट छोट्या धंद्याला जास्तच लागू पडते. या कंपन्या किती मोठ्या झाल्या हे ठरत होतं ते घरात कर्ते पुरुष किती यावर, कारण बाहेरच्या माणसावर निर्णय सोपवायची मालकांची तयारी नव्हती. नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा प्रयोगातल्या कारखान्यांनी स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सोडून दिल्या होत्या. मॅनेजर बदलले आणि मालकांना वेळ उरला नाही, ही दोन कारणं सगळ्यांत जास्त सांगितली गेली. २७० कामगारांच्या मालकाचं जर असं होत असेल, तर जो स्वतःच खरेदी करतो, स्वतःच काउंटरवर बसतो आणि बँकेतही स्वतःच जातो, त्याचं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

इथेच दुसरा आक्षेप येतो: मग याला चालढकल का म्हणायचं, वेळच नसतो म्हणा ना. बऱ्याच अंशी हे खरं आहे आणि त्याला कायदाही थोडा कारण आहे. १९४८ च्या जुन्या कायद्याप्रमाणे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. डिसेंबर २०१७ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. कामगाराला साप्ताहिक सुट्टी मात्र द्यावीच लागते. मालकाला सुट्टी द्या असं कायदा कशाला सांगेल? शेजारचं दुकान उघडं म्हणून आपलंही उघडं, आणि जुन्या बंदच्या दिवशी अर्ध्या शटरआड बसून वह्या लावायची सोय गेली. पण वेळेची टंचाई हे सगळं उत्तर नव्हे. टंचाईत माणूस ज्याला आधी वेळ देतो त्यावरून त्याच्यावर कुणाचा जोर आहे ते कळतं. दुपारी दोन ते चार बाजार थंड असताना मोबाइलवर व्हिडिओ पाहिले जातात, कारण त्या वेळात थकबाकीची यादी काढा असं म्हणणारं समोर कुणी नसतं. यादी डोळ्यांपुढे आली की जीवही थोडा खाली-वर होतो.

जीव खाली-वर होणं ही क्षुल्लक बाब नाही. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेण्याचा प्रकार आहे. हे पटायला उधारीच्या वसुलीसारखं उदाहरण नाही. साकीनाक्याच्या गाळ्यात पत्र्याचे ब्रॅकेट बनवणारा एक उद्योजक धरू. त्याने एका मोठ्या कंपनीला दोन लाखांचा माल दिला, वर १८ टक्क्यांनी ३६ हजार जीएसटी. कंपनीने पैसे दिले नाहीत तरी हे ३६ हजार त्याला वेळेवर सरकारात भरावेच लागतात. बिल नव्वद दिवस अडकलं आणि त्याची कॅश क्रेडिट १२ टक्क्यांची असली, तर एकट्या व्याजाचेच सुमारे सात हजार रुपये गेले. तरीही तो फोन करत नाही. ‘पार्टी जुनी आहे’, ‘साहेब रागावतील’, ‘पुढची ऑर्डर जाईल’. हे सगळं खोटं नाही, म्हणूनच हे काम टाळायला इतकं सोयीचं पडतं.

कायदा मात्र इथे त्याच्या बाजूने बराच पुढे गेलेला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आयकर कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीमुळे, या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा करता येतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झाल्यापासून ऑनलाइन तक्रारही करता येते. अर्थात तक्रारीचा निकाल कायद्यातल्या ९० दिवसांत हाती पडेल या भरवशावर राहू नये, आणि नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. पण गाळेवाल्याला तक्रारीपर्यंत जायची गरज बहुधा पडत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्याच पार्ट्यांना खात्याचं स्टेटमेंट गेलं आणि त्याखाली सरकारी उद्यम नोंदणीचा क्रमांक व ४५ दिवसांची ओळ छापलेली असली, तर तो तगादा राहत नाही, रिवाज होतो. एकालाच फोन केला की संबंध ताणला जातो. सगळ्यांना एकाच तारखेला कागद गेला तर कुणाला राग यायचं कारण उरत नाही. आणि हा कागद मालकाने पाठवायचाच नाही. अकाउंट्स सांभाळणाऱ्या मुलीने किंवा मुलाने तो पाठवायचा, म्हणजे मालकाची भीड आड येत नाही.

धंद्यातले जुनेजाणते तिसरा आक्षेप घेतील आणि तो सगळ्यांत धूर्त आहे: थांबणाऱ्याचा फायदाच होतो. जीएसटीचं २०१७-१८ चं पहिलं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत भरायचं होतं. मुदती वाढत वाढत ते प्रकरण फेब्रुवारी २०२० पर्यंत गेलं. ज्याने पहिल्याच तारखेच्या धसक्याने रात्री जागवल्या, तो मूर्ख ठरला. सरकारनेच लोकांना थांबायला शिकवलं, हे मान्य करायला हरकत नाही. पण ही युक्ती चालते ती समोर मुदत वाढवणारा कुणीतरी असतो अशाच कामात. पावसाला मुदतवाढ मागता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांतल्या तळमजल्यावरच्या दुकानांत, गोदामांत पाणी शिरलं. विम्याचा अर्ज ‘या महिन्यात नको’ म्हणून ज्यांच्या खणात राहिला असेल, त्यांचं नुकसान त्यांच्याच खिशातून गेलं. थांबण्यातला शहाणपणा कोणत्या कामात चालतो आणि कोणत्या कामात चालत नाही, एवढा भेद केला तरी हा आक्षेप निम्मा गळून पडतो.

मागणारा निर्माण करायचा म्हणजे काय, हे आपल्या बाजारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पिग्मी ठेवच घ्या. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने ती सुरू केली आणि पुढे पतसंस्थांनी ती गल्लोगल्ली नेली. बँकेत जाऊन पैसे टाकायला दुकानदाराला सवड नव्हती, म्हणून एजंटच रोज संध्याकाळी काउंटरवर येऊ लागला. रक्कम लहान, तारीख रोजची आणि समोर पावतीबुक घेऊन उभा असलेला माणूस. जो महिनाअखेर शंभर रुपये बाजूला काढू शकत नव्हता, तो रोज देऊ लागला. भिशीचं तत्त्व हेच. आपला हप्ता चुकला तर दहा जणांना तोंड द्यावं लागतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केनियातल्या छोट्या दुकानांच्या एका अभ्यासात तर यापुढची गंमत दिसली. सुट्टे पैसे नाहीत म्हणून गिऱ्हाईकं परत जात होती. संशोधकांनी दर आठवड्याला येऊन त्यासंबंधी प्रश्न विचारले, तेवढ्यानेच दुकानदार सुट्टे जवळ ठेवू लागले आणि बुडणारी विक्री कमी झाली. उपदेश नाही, कर्ज नाही, नुसती विचारणा.

स्वतःच तारीख ठरवली तर? त्याने थोडं साधतं, पूर्ण साधत नाही. डॅन एरिली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना तीन मजकूर तपासायला दिले. ज्यांना बाहेरून समान अंतराच्या तीन तारखा मिळाल्या त्यांनी सगळ्यांत जास्त चुका शोधल्या, स्वतः तारखा ठरवणारे मधे राहिले, आणि शेवटी एकच तारीख मिळालेले सगळ्यांत मागे. डायरीत ‘या तिमाहीत स्टॉक मोजायचा’ असं लिहिणाऱ्याची गत या तिसऱ्या गटासारखी होते. त्याऐवजी दर बुधवारी एकच फळी मोजायची आणि आकडा रात्री आठपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी कळवायचा, मग तो भाऊ असो, बायको असो की सीएच्या ऑफिसातला तोच मुलगा. सीएला महिन्याला शे-दोनशे जास्त देऊन ‘रिटर्नबरोबर मला थकबाकीची यादीही मागत जा’ असं सांगता येतं. रिटर्नसाठी त्याचा फोन येणारच असतो. एकमेकांचे गिऱ्हाईक नसलेले, वेगवेगळ्या धंद्यांतले तिघे-चौघे दर सोमवारी सकाळी दहा मिनिटं फोनवर बोलले आणि ‘तुझं ते विम्याचं झालं का?’ एवढंच विचारलं, तरी भिशीची अर्धी शिस्त येते. दर सोपवता येत नाहीत, वसुलीची बोलणी सोपवता येत नाहीत, असं मालक म्हणतील. बोलणी सोपवू नयेत. आठवण मात्र सोपवावी.

हे सगळं परक्याच्या हाती सूत्रं देण्यासारखं वाटेल, काहींना लाजिरवाणंही. ज्याला वरिष्ठ नको म्हणून नोकरी सोडून धंदा सुरू करायचा होता, त्यानेच पुन्हा विचारणारा माणूस नेमायचा? होय, आणि त्यात विसंगती नाही. धंदेवाल्याला गिऱ्हाईक, बँक, सरकार आणि पुरवठादार असे चार वरिष्ठ आधीच आहेत. या चौघांचं काम होतं, आणि दुकानाच्या स्वतःच्या भल्याचं काम पाचव्या क्रमांकावर जाऊन राहतं. ते वर आणायला एक माणूस ठेवला, तर स्वातंत्र्य कमी होत नाही.

ज्यांचा छोटा कारखाना किंवा सेवेचा धंदा आहे आणि उद्यम नोंदणी अजून राहिली आहे, त्यांनी सुरुवात तिथूनच करावी. माल देण्याआधीच नोंदणी झालेली असली म्हणजे ४५ दिवसांच्या हक्कावर पुढे वाद उरत नाही. एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्री आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गटात मोडतो, म्हणजे उपनगरांतले बहुतेक गाळे त्यात बसतात. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे ही नोंदणी करता येते. तिला शुल्क नाही, आणि त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही.